अप्पांचा नंबर

उमरग्याच्या बाजारात 'अप्पा' अशी हाक मारली तर निम्मी दुकानं मागं वळून बघतात. आडतवाले अप्पा, कापडवाले अप्पा, किराणावाले अप्पा, मठातले अप्पा. माझ्या घरमालकांना ही गोष्ट फार आवडायची. हाक मारणाऱ्याला आपलं नाव माहीत असायची गरज नाही, यात त्यांना मोठा दिलासा वाटायचा. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत काही वर्षं भाड्यानं राहिले आणि एवढ्या काळात त्यांचं खरं नाव मला त्यांच्या तोंडून कधीच कळलं नाही. ते मला मोबाइलवर कळलं. त्याबद्दल त्यांनी माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला होता.

घर बसस्टँडच्या मागं, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील एवढ्या अंतरावर. गल्लीतल्या प्रत्येक घरावर मालकाच्या नावाची संगमरवरी पाटी, काहींवर तर डिग्रीसकट. आमच्या फाटकावर एकच पाटी होती, 'कुत्र्यापासून सावध राहा'. कुत्रं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "कुत्रं हाय का न्हाय, ही बी माहितीच हाय की म्याडम. ती कशाला लोकाला सांगायची?" लाइटचं बिल अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर यायचं. वडील जाऊन कैक वर्षं झाली होती, पण बिलात ते व्यवस्थित हयात होते.

लग्नाची पत्रिका आली की अप्पा आधी पाकिटावरचं स्वतःचं नाव ब्लेडनं खरवडायचे आणि मग पत्रिका वाचायचे. कुरिअरवाल्याला खिडकीतूनच समोरच्या पानटपरीवर पार्सल ठेवायला सांगायचे, आणि तो गेला की दुसऱ्याचंच काहीतरी नेतोय अशा चेहऱ्यानं ते घेऊन यायचे. फोटोचं तर विचारूच नका. त्यांना एकच मुलगी, अश्विनी. तिच्या लग्नाचा जाडजूड अल्बम काकूंनी मला कौतुकानं दाखवला होता. त्यात सासू-सासरे आहेत, मामा आहेत, आचारी आहे, मंडपात शिरलेली एक शेळीसुद्धा आहे. मुलीच्या बापाची मात्र नुसती पाठ आहे. पानोपानी पाठ. अक्षता टाकताना पाठ, व्याह्यांना भेटताना पाठ, लेक सासरी निघताना रडले तेही पाठमोरेच. लग्नाला मी होते, त्यामुळं त्यांना पुढची बाजू आहे हे मी खात्रीनं सांगू शकते.

हा स्वभाव कुठून आला असेल, याचा अंदाज मला हळूहळू आला. मार्केट यार्डात त्यांची आडत होती, तूर-हरभऱ्याची. आता ती पुतण्या बघतो. अप्पांच्या तरुणपणी भाव तोंडानं बोलत नसत. दोन व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर उपरणं टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचे. पोत्यांचा मालक शेजारीच उभा असायचा आणि त्याच्या मालाचा भाव त्याला सोडून दोघांना कळलेला असायचा. हे सांगताना अप्पांचा चेहरा उजळायचा. "काय दिस होते म्याडम. एक शब्द बाहीर जात नव्हता." मालकाला कधी कळायचं, असं मी विचारलं. "त्याला मागनं सांगायचो की," म्हणाले, आणि माझ्या प्रश्नाचं त्यांना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसलं. पुढं ती पद्धत बंद झाली, लिलाव उघड्यावर आला आणि अप्पांचं धंद्यातून मन उडालं. ते उपरणं त्यांनी यार्डातून आणून घरावर टाकलं, एवढंच.

दुसऱ्याच्या माहितीच्या बाबतीत मात्र ते एवढे सोवळे नव्हते. हायवेवरच्या एका दवाखान्याच्या मेडिकलमध्ये मला नोकरी लागली आणि मी खोली बघायला आले, तेव्हा त्यांनी ओट्यावरच मला उभं केलं.

"गाव कंचं?"

"तामलवाडी."

"वडील काय करतात?"

"शेती."

"कोरडवाहू का बागायत?" मग विहीर किती खोल, भाऊ किती, भावाची बायको कुठली, असं करत करत गाडी मुद्द्यावर आली. "आन् मालक?"

"नाही."

"न्हाय म्हंजे? वारले का सोडलं?"

"लग्नच केलं नाही."

"मंग तुमच्याकडं येनार-जानार कुनी न्हाय," अप्पा म्हणाले. यात तक्रार नव्हती, समाधान होतं. आधारची झेरॉक्स, नोकरीचं पत्र, वडिलांचा नंबर, भावाचा नंबर, माझा नंबर, सगळं घेतलं. मी म्हटलं, अप्पा, तुमचाही नंबर द्या, पाणी गेलं, लाइट गेली तर लागेल. म्हणाले, "पानी गेलं तर जिन्यातनं हाक मारा."

फोन नव्हता असं नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते तो कानाला लावायचे आणि कानडीत बोलायचे, म्हणजे गुपित फुटायला नको. आवाज मात्र लिलावाचा. कुणाच्या जमिनीची वाटणी अडली, पुतण्याच्या बायकोला कितवा महिना लागला, कुठल्या मेहुण्याचं कुठं बिनसलं, सगळं खणखणीत कानडीत. आणि शेवटी दरवेळी, "यारिगू हेळबेडा." म्हणजे कुणाला सांगू नको. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आणि गल्लीतली निम्मी घरं कानडी बोलणारी. अप्पांचा फोन संपेपर्यंत शेजारणी भाजी निवडत गच्चीवर थांबायच्या. एकदा एकीनं खालूनच विचारलंही, "मंग अप्पा, मेव्हणा मानला का?" अप्पांनी फोनकडं संशयानं बघितलं. फोनमधूनच बातमी गळते, असं त्यांचं त्या दिवसापासून मत झालं.

आमच्या मेडिकलमध्ये साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या नेणाऱ्यांचे नंबर घ्यायची पद्धत होती. गोळ्या संपत आल्या की मोबाइलवर आठवणीचा मेसेज जायचा. अप्पा गोळ्या न्यायला आले, तेव्हा मी नंबर विचारला. त्यांनी एक क्षणही न अडखळता, छातीठोकपणे एक नंबर सांगितला. मी लिहून घेतला. एवढ्या सहज नंबर दिला म्हणून मला जरा नवलच वाटलं होतं.

काही महिन्यांनी, नेमके अप्पा काउंटरवर असतानाच, एक शेतकरी आत आला. जळकोटहून बस पकडून आला होता. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "बाई, ह्यो मेसेज तुमच्या दुकानातनं येतो का? दर म्हैन्याला येतो, तुमच्या साखरंच्या गोळ्या संपल्या म्हनून. मला साखर न्हाय. माझ्या बाला नव्हती. आन् माझी बायको म्हनती, तुमी आजार लपवून ठेवलाव. चा बंद केला तिनं माझा. गुळाचा बी देईना." माणूस रडकुंडीला आला होता. मी नंबर ताडून बघितला. तो अप्पांनी दिलेलाच होता. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा त्या माणसाकडं बघत, मान हलवत, मनापासून हळहळून म्हणाले, "काय लोक असतात बगा. कसला बी नंबर द्यायलेत."

मी नंबर खोडला आणि त्या भल्या माणसाला दुकानाच्या शिक्क्यासह एक चिठ्ठी लिहून दिली, की यांना साखर नाही. पण अप्पांनी या प्रसंगातून त्यांच्या परीनं धडा घेतला. मनानं रचलेल्या नंबरमागं खरा माणूस निघतो आणि तो बसनं येऊन भांडू शकतो, हे त्यांना कळलं. तेव्हा नंबर असा द्यावा की ज्याचा मालक भांडायला येणार नाही. असा नंबर घरातच होता. अश्विनी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला नुकताच मोबाइल घेऊन दिला होता. त्या दिवसापासून अप्पांकडं कुणीही नंबर मागितला की ते लेकीचा द्यायचे. गॅसला तिचा, आडतीच्या परवान्याला तिचा, मठाच्या देणगीदारांत तिचा. तुरीच्या चौकशीचे फोन पोरीला वर्गात यायचे. ती एकदा काकूंपुढं कुरकुरली. अप्पा म्हणाले, "उचलू नको म्हंजे झालं."

मग तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि मी जे बघितलं त्यावर माझा विश्वास बसेना. ज्या माणसानं कुत्रं आहे की नाही हे गल्लीला सांगितलं नाही, त्यानं लेकीचा बायोडाटा तयार केला. उंची, वर्ण, रक्तगट. जन्मतारीख, जन्मगाव, जन्मवेळ मिनिटासकट. शाळेपासूनचे सगळे मार्क. आजोळ कुठलं, मामा किती, ते कुठल्या गावी काय करतात. बागायत किती, घर कुठल्या रस्त्याला. शेजारी पायापासून डोक्यापर्यंतचा फोटो, साडीतला एक आणि ड्रेसमधला एक. मी म्हटलं, अप्पा, एवढं सगळं? तर म्हणाले, "स्थळं काय अशीच येतात व्हय? माहिती झाकली की लोक म्हनतात, पोरीत खोट हाय." या कागदावर झाकलेली गोष्ट एकच होती. वडिलांचं नाव, असं लिहिलं होतं, त्याच्यापुढं 'प्रतिष्ठित व्यापारी, उमरगा'. आणि सर्वांत खाली संपर्कासाठी नंबर, अश्विनीचा. म्हणजे ज्याला मुलगी कशी आहे ते विचारायचंय त्यानं मुलीलाच फोन लावून विचारायचं. हा कागद समाजाच्या यच्चयावत ग्रुपवर गेला. एका वधू-वर मेळाव्याच्या मंडळानं तो आपल्या वेबसाइटवर टाकला. त्यातूनच सोलापूरचं स्थळ आलं, मुलगा नोकरीला, माणसं बरी. लग्न झालं आणि अल्बममध्ये अप्पांची पाठ आली.

त्यानंतर वर्षभरानं एका सकाळी अप्पा पेपर घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. पेपरात बातमी होती की माणसाची किती खासगी माहिती नेटवर कुणालाही बघता येते. अप्पा खुशीत होते. "लोक लई येडे असतात म्याडम. आता माझं काडून दावा बरं तुमच्या मोबाइलात."

"नाव सांगा."

"नाव न सांगता काडा."

मी हसले नाही, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. पुतण्याचं आडनाव दुकानाच्या बोर्डावर होतं. मी आडनाव, गाव आणि आडत, एवढंच टाकलं. चहा निवायच्या आत अप्पा निघाले. परवानाधारक आडत्यांच्या यादीत निघाले, वडिलांच्या नावासकट. मतदार यादीत निघाले, वय आणि घर क्रमांकासकट, खाली काकू. सातबारात निघाले, भावांबरोबर. मठाच्या देणगीदारांत निघाले. आणि शेवटी पुतण्याच्या पोस्टवर निघाले, 'आमचे मार्गदर्शक, आधारस्तंभ' अशा शुभेच्छांखाली, जन्मतारखेसकट, तोंडात केक कोंबलेले, समोरून.

अप्पांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं वळून अतिशय शांतपणे म्हणाले, "तुमी बगितलं म्हनून निगालं."

"अप्पा, ते तिथंच होतं."

"कोन बगत नव्हतं तवर नव्हतं. पुसा आता."

"मला नाही पुसता येत."

"काडता येतं आन् पुसता येत न्हाय? ह्ये कसलं शिक्शान तुमचं?"

मी त्यांना दाखवलं की जिथं जिथं त्यांच्या नावापुढं नंबर आहे, तिथं तिथं तो अश्विनीचा आहे. आणि मेळाव्याच्या वेबसाइटवर तिचा बायोडाटा अजून तसाच आहे, फोटोंसकट. पुतण्याची पोस्ट राहू द्या, पण हा बायोडाटा आजच्या आज काढायला सांगा, असं मी दोनदा म्हटलं. अप्पांच्या मनावर केक होता. "तिचं लगीन झालं," ते म्हणाले. "आता तिचं कोन बगतंय?" जाऊन त्यांनी पुतण्याला झापलं, केक हटवला, आणि मोबाइलमधून माहिती काढणारी बाई म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं.

तिचं बघणारे भरपूर होते. अश्विनीला सोलापुरात स्थळांचे फोन यायचे. सुरुवातीला नवरा-बायको हसायचे. नवरा स्वतःच उचलून सांगायचा, गेलं हो, लागलं लग्न. पण ग्रुपवर फिरणाऱ्या कागदाला प्रत्येक जण आपलं शहाणपण चिकटवतो. कुणीतरी चौकशी केली असणार, मुलीचं लग्न झाल्याचं त्याला कळलं असणार, आणि तरीही बायोडाटा फिरतोय म्हणजे मोडलं असणार, असं त्यानं ठरवलं. पुढच्या वेळी कागद फिरला तो वर ठळक अक्षरांत 'पुनर्विवाह' लिहून.

आता बिजवरांचे फोन यायला लागले, आणि त्यातला एक सासूनं उचलला. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, मुलीचं पहिलं मोडलंय ना, आमच्या मुलाचंही मोडलंय, जमून जाईल. सासूबाईंनी फोन ठेवला आणि हिशेब मांडला. आपल्या मुलाशी झालेलं लग्न तर मोडलेलं नाही. मग हे पहिलं कुठलं? नवऱ्यानं परोपरीनं समजावलं. पण सासूबाईंचा मुद्दा बिनतोड होता. "ज्या मानसाचा एक फोटो न्हाय, दारावर पाटी न्हाय, व्याही आसून ज्याचा फोन नंबर आपल्याकडं न्हाय, त्यानं लेकीचं एक लगीन लपवलं तर त्यात नवल काय?" मला राग सासूचा यायला हवा होता. तो आला नाही. अप्पांना ओळखणारं कुणीही हेच म्हणालं असतं.

अश्विनी बॅग घेऊन माहेरी आली. सासरचं म्हणणं सरळ होतं. हा बायोडाटा लग्नाआधीचा आहे, मुलीचं हे एकच लग्न आहे, असा खुलासा वडिलांनी स्वतःच्या नावानं आणि नंबरानं त्या सगळ्या ग्रुपवर टाकावा. तो होईपर्यंत मुलीनं माहेरीच थांबावं. संसार राहायचा की मोडायचा, हे आता अप्पा आपलं नाव लिहितात की नाही यावर होतं. हा कुणालाही सोपा सौदा वाटला असता.

अप्पांना जेवण जाईना. लेकीसाठी नव्हे, नावासाठी. 'मुलीचे वडील' एवढंच लिहून चालणार नाही का, असं ते विचारत राहिले. ग्रुपवाल्यांनी सांगितलं, निनावी खुलासा कोण मानणार, नाव-नंबर पाहिजेच. "नंबर बदल तुझा," ते अश्विनीला म्हणाले. ती म्हणाली, "माझ्या नोकरीच्या परीक्षेचं सगळं याच नंबरावर येतं अप्पा. आणि मी का बदलू?" काकू मध्ये कधी बोलत नसत. त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "टाका की हो एकदाचं. मोर्चा येनार हाय का घरावर?" शेवटी एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, "मी टाकतो. माझ्यावर सोडा." पुतण्याला घेऊन बसले, खुलासा गेला. घरात चार घास गोड लागले. मला वाटलं, माणूस शेवटी बाप आहे.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये माझा फोन वाजायला लागला. "खुलाशाखाली नुसतं 'मुलीचे वडील' आहे आणि नंबर तुमचा. तुम्ही मुलीच्या कोण?" एक झाला, दुसरा झाला. उदगीरकडचा एक बिजवर तर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मुलीचं झालं असंल तर असू द्या. तुमचं झालंय का? आवाज चांगला हाय तुमचा." काउंटरपुढं गिऱ्हाइकांची रांग आणि मी फोनवर माझं लग्न झालंय की नाही याचा खुलासा करतेय.

मी दुपारीच घरी गेले. अप्पा ओट्यावर बसले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. माझा नंबर द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हे विचारलं. अप्पा न चिडता, समजावणीच्या सुरात म्हणाले, "म्याडम, तुमी एकट्या हाव. तुमाला फोन आला तर कोन इचारनार? ना सासू, ना नवरा. तुमचं काय बिगाडनार हाय त्यात?"

ते वाईट हेतूनं बोलले असते तर मी पायातली चप्पल काढली असती. पण ते मनापासून बोलत होते. ज्या बाईच्या मागं विचारणारं कुणी नाही, तिचं नाव-गाव-नंबर म्हणजे सार्वजनिक पाणवठा, असं त्यांना खरंच वाटत होतं.

अश्विनी आतून हे सगळं ऐकत होती. ती ओट्यावर आली आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन पुन्हा वाजला. तिनं तो माझ्याकडून घेतला, आवाज मोठा केला आणि अप्पांच्या तोंडापुढं धरला.

"बोला अप्पा."

पलीकडून आवाज आला, "हॅलो, ते खुलाशाचं विचारायचं होतं. मुलीचे वडील बोलतात का?"

अप्पांनी लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गल्लीकडं बघितलं. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"हॅलो? वडील हायत का?"

"वडील घरात न्हाईत," अप्पा म्हणाले.

अश्विनीनं फोन बंद करून माझ्या हातात दिला. मग ती आत गेली आणि स्वतःच्या मोबाइलवर लिहायला बसली. काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या. अप्पा ओट्यावर तसेच बसून राहिले. आपण काही चुकीचं बोललो हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. कुणी फोनवर विचारलं की ते आयुष्यभर हेच सांगत आले होते.

तिनं लिहिलेला खुलासा त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर गेला. तो माझ्याकडं अजून आहे. तिनं लिहिलं होतं, 'हा बायोडाटा माझा आहे. तो माझ्या लग्नाआधीचा आहे. माझं लग्न एकदाच झालं आहे आणि माझ्या नवऱ्याचं नाव खाली दिलं आहे. यावर जो नंबर आहे तो माझा आहे, तो मी दिलेला नव्हता, पण आता मीच देते आहे. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी मला विचारावं. वडिलांची चौकशी करू नये. ते घरात नसतात.' त्याखाली तिचं सासरचं पूर्ण नाव. मेळावावाल्यांना तिनं स्वतः फोन लावला आणि वेबसाइटवरचं पान काढायला लावलं. काम पाच-दहा मिनिटांचं होतं.

तो खुलासा सासूबाईंनी त्यांच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर वाचला. व्याह्यांची अशी उघड्यावर शोभा झालेली बघून त्यांना इतका आनंद झाला की सगळा संशय जागच्या जागी फिटला. पोरगी खरी आहे, बापच तसला आहे, हे त्यांनी स्वतःच चार जणींना सांगितलं. नवऱ्याचा फोन आला, न्यायला येतो म्हणून. अश्विनी म्हणाली, नको, माझी मी येते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सोलापूर गाडीनं ती गेली. मी आणि काकू स्टँडवर गेलो होतो. अप्पा आले नाहीत. स्टँडवर ओळखीचे लोक भेटतात.

त्या दिवशी संध्याकाळी जिन्यात त्यांची पावलं वाजली. दारात उभे राहून त्यांनी आधी मागं बघितलं, मग आवाज उतरवून म्हणाले, "म्याडम, तेवढं पोरीनं लिवलेलं वाचून दावा."

मला वाटलं, आता तरी कुठंतरी टोचलं. मी सगळं वाचलं, सावकाश, शेवटच्या वाक्यासकट. ते कान देऊन ऐकत होते. वाचून झाल्यावर मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं.

"ह्याच्यात माझं नाव कुटं आलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट बगा. खाली बारीक अक्षरात?"

"वरपासून खालपर्यंत तुमचं नाव कुठंच नाही, अप्पा."

"मंग बेस झालं," ते म्हणाले, आणि जेवायला खाली गेले.

अश्विनी सुखरूप पोचल्याचा फोन दुपारीच माझ्याकडं आला होता. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.